सात नंबरची झडप

आमच्या कामगार सोसायटीत मी ओव्हरसियर होतो, तेव्हा लोक माझ्यावर सगळ्यांत जास्त चिडायचे ते झडपेवरून. पगारवाढ, पाणी, रेशन यांतलं काहीच माझ्या हातात नव्हतं, त्यामुळे त्यावरून मला कुणी बोल लावत नसे. झडप मात्र माझ्या हातात होती आणि मी ती कुणालाही न जुमानता उघडत असे. निदान असा माझा स्वतःबद्दल समज होता.

झडप म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. येरमाळ्याच्या अलीकडे माळावर आमचा साखर कारखाना उभा राहिला तो बहात्तरच्या दुष्काळानंतर. त्याच्या मागोमाग कामगारांनी सहकारी सोसायटी करून घरं बांधली. एका ओळीत दहा घरं, अशा सहा ओळी. वर पत्रे, पत्र्यांना आधार म्हणून लाकडी तुळया, आणि उन्हाळ्यात डोकं भाजून निघू नये म्हणून तुळयांच्या खाली फळ्यांची तक्तपोशी. तक्तपोशी ठोकली की वरच्या तुळया दिसेनाशा होतात. म्हणून प्रत्येक घराच्या आतल्या खोलीत तक्तपोशीतच दीड हात लांबरुंद झाकण ठेवलेलं होतं. स्टुलावर चढायचं, झाकण वर ढकलायचं, डोकं आत घालायचं आणि तुळई ठोकून बघायची. त्या झाकणाला आम्ही झडप म्हणायचो.

बघायचं ते वाळवीसाठी. पाऊस दोनतीन वर्षं दडी मारून बसला आणि जमीन तडकली की वाळवी भिंतीतून वर चढते. ती लाकडाचं साल तसंच ठेवते आणि आतला गर खाते, त्यामुळे खालून बघणाऱ्याला काही कळत नाही. सोसायटीचा नियम असा होता की दर दोन वर्षांनी, पावसाळ्याच्या आधी, साठही घरांच्या झडपा उघडून बघायच्या. आणि लोकांची रीत अशी होती की सणासुदीला घर रंगवताना झडपही रंगवून टाकायची. चुना मारलेला असला तर झडप एका धक्क्यात सुटायची. पण लोकांच्या हातात चार पैसे खेळायला लागले तसा ऑइलपेंट आला. ऑइलपेंट एकदा वाळला की झडप शेजारच्या फळ्यांना अशी चिकटून बसे की ती कुठं होती ते मला हातानं चाचपून काढावं लागे.

त्यासाठी माझ्या पिशवीत एक पातळ पोलादी पट्टी असायची. झडपेच्या चारी कडांनी ती फिरवायची, रंग कापायचा आणि मग तळहातानं वर धक्का द्यायचा. हे होताना रंगाचे पापुद्रे खाली पडायचे आणि घरातल्या बाईचं तोंड उतरायचं. चार नंबरमध्ये महारुद्र नावाचे स्टोअरकीपर राहायचे. त्यांची बायको द्वारकाबाई तर मी दारात दिसलो की आधीच सुरू व्हायची. दिवाळीचा रंग, अजून वासही गेला नाही, आणि आला मेला सुरी घेऊन, असं ती सगळ्या ओळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायची. मी कानाडोळा करायचो आणि पट्टी चालवायचो.

कुणी अगदीच आडवं पडलं तर त्यालाही वाट होती. फॉर्मवर झडपेपुढं तीनच गोष्टी लिहिता यायच्या: ‘ठीक’, ‘दुरुस्ती’ किंवा ‘रंगाने बंद, पाहिली नाही’. शेवटचं लिहिलं की घराच्या दारावर पिवळ्या कागदाची नोटीस चिकटवायची आणि पंधरा दिवसांनी सुतार बरोबर घेऊन जायचं. जे बघितलं नाही ते बघितलं नाही असंच लिहावं, हे मी ऑफिसात आल्यागेल्याला ऐकवत असे. मला या वाक्याचा फार अभिमान होता.

माझ्या हातातली ती पट्टी करून दिली होती श्रीपतीनं. श्रीपती कारखान्यात लेथवर टर्नर होता आणि त्याच्या हातासारखा हात आख्ख्या वर्कशॉपमध्ये नव्हता. मोडीत निघालेल्या करवतीचं पातं घासून त्यानं ती केली होती, आणि मुठीपाशी बारीक अक्षरात ‘श्री’ असा ठसा मारला होता. त्याचं घर पहिल्याच ओळीत होतं, सात नंबर. बायको सरुबाई आणि अकरावीत शिकणारी मुलगी तारामती, एवढंच कुटुंब. छप्पन साली त्याच्या वडिलांनी धम्म घेतलेला. त्या ओळीत बौद्धाचं हे एकच घर.

नंबर लागून त्याला ते घर मिळालं, तेव्हा ओळीतली दोनतीन माणसं सोसायटीचे चेअरमन नानासाहेब यांच्याकडे जाऊन आली. नानासाहेबांनी घर काही काढून घेतलं नाही, तसं करण्याइतके ते भोळे नव्हते. त्यांनी मला तपासणीला पाठवलं. एकदा नळाचं पाणी जास्त वापरतात म्हणून, एकदा भिंतीला खुंट्या ठोकल्या म्हणून, एकदा मोरीचं पाणी शेजाऱ्याकडं जातं म्हणून. एका वर्षात तीनदा. तिन्ही वेळा मला काही सापडलं नाही, कारण सापडण्यासारखं काही नव्हतंच. तिसऱ्या वेळी श्रीपतीनं माझ्यासाठी खुर्ची मांडली आणि सगळी दारं उघडून ठेवली. मला फार शरम वाटली. त्या दिवशी घरी जाताना मी मनाशी ठरवलं की या माणसाला माझ्याकडून पुन्हा त्रास होता कामा नये. पुढं जे झालं त्याची सुरुवात या चांगल्या विचारातून झाली, हे मला अजून पचत नाही.

शहाऐंशीचा एप्रिल. लागोपाठ दुसरं कोरडं वर्ष, विहिरींचे तळ उघडे पडलेले, कॉलनीला टँकर यायचा. चौदा तारखेच्या जयंतीसाठी श्रीपतीनं पहिल्यांदाच घराला ऑइलपेंट दिला होता. भिंती फिकट निळ्या, तक्तपोशी पांढरीशुभ्र. सगळं स्वतःच्या हातानं, ड्यूटी करून, चार रविवार खपून. आतल्या खोलीत फळीवर बुद्धाची मूर्ती मांडली होती.

अठरा तारखेला माझी पहिल्या ओळीची तपासणी होती. सकाळी चार नंबरची झडप कापली. द्वारकाबाईनं नेहमीप्रमाणे माझा उद्धार केला. त्यांची तुळई ठोकली तर आवाज बद्द आला, स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. मी ‘दुरुस्ती’ लिहिलं. आठ दिवसांत ती तुळई बदलली गेली. तेव्हा महारुद्र मला म्हणाले होते की तुमच्या हट्टानं आम्ही वाचलो.

दुपारी सात नंबरला गेलो. सरुबाईनं हसून या म्हटलं. मी आत गेलो आणि खरोखर बघत राहिलो, कारण एवढं देखणं घर त्या कॉलनीत दुसरं नव्हतं. सरुबाईनं चहा विचारला. मी एरवी तपासणीच्या वेळी कुणाकडं चहा घेत नसे. पण बाहेर ओट्यांवर बायामाणसं बसलेली होती, दार उघडं होतं, आणि मला वाटलं की मी इथं चहा प्यायलेला या सगळ्यांना दिसलाच पाहिजे. खुर्ची दाराजवळ ओढून मी सावकाश चहा प्यालो. एक थोर माणूस चहा पितोय असं मला आतून वाटत होतं. आज ते आठवलं की तोंड कडू होतं.

कप खाली ठेवला तेव्हा श्रीपतीनं स्टूल आणून आतल्या खोलीत ठेवलं होतं.

“झडप इथं हाय साहेब, मूर्तीच्या जरा अलीकडं. कापा बिनधास्त. रंगाचं काय, रविवारी म्या परत हात मारतो.”

मी वर पाहिलं. चार रविवारांचा पांढरा रंग, कुठं ओघळ नाही, कुठं ब्रशची रेघ नाही. मूर्ती खाली शांत बसलेली. आणि पिशवीत त्यानंच केलेली पट्टी. माझ्या डोक्यात त्या तीन तपासण्या आल्या. जयंती होऊन चार दिवस झालेत आणि त्यांच्या मूर्तीवर रंगाचे पापुद्रे पाडायला मीच आलो, असं ओळीतली माणसं म्हणतील, तेही आलं. मी हसून म्हणालो, “राहू द्या श्रीपतराव. तुमचं काम मला माहीत आहे.”

तो पुन्हा म्हणाला की नियम आहे तर उघडून घ्या. मी स्टूल माझ्या हातानं बाजूला केलं आणि छत्रीच्या टोकानं तक्तपोशी खालून दोनदा ठोकली. फळी ठोकून फळी कळते, तुळई नाही, हे मी स्वतः दहाजणांना शिकवलं होतं. निघताना आणखी एक दिसलं. भिंतीच्या कोपऱ्यात निळ्या रंगाखाली बोटाएवढी फुगीर रेघ तक्तपोशीपर्यंत वर गेली होती. रंगाआधी भिंतीत भरलेली लांबी नीट घासली गेली नसेल, एवढं मनात आलं आणि विरून गेलं. वाळवीचा मातीचा माग मी आयुष्यात शेकड्यांनी पाहिला होता. त्या दिवशी पाहायचा नव्हता म्हणून दिसला नाही.

‘पाहिली नाही’ एवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण मग दारावर पिवळी नोटीस आली असती, त्या दारावर, सगळ्या ओळीसमोर. मी ‘ठीक’ लिहिलं आणि सरुबाईला चहा झकास झाला होता असं सांगून निघालो.

पंचवीस मेचा रविवार. दुपारी टँकर आला म्हणून सरुबाई आणि तारामती घागरी घेऊन ओळीच्या टोकाला गेल्या होत्या. श्रीपती आतल्या खोलीत झोपला होता. चारच्या सुमारास वारं सुटलं. पाऊस नाही, नुसतं वारं आणि माती. कॉलनीतल्या कुठल्याच घराला त्या वाऱ्यानं काही केलं नाही. सात नंबरची तुळई मधोमध मोडली आणि पत्रे, तक्तपोशी सगळं आत बसलं.

आवाज ऐकून सगळ्यांत आधी धावले ते महारुद्र. एकेकाळी नानासाहेबांकडे तक्रार घेऊन गेलेल्यांत तेही होते. त्यांनी उघड्या हातांनी पत्रे उपसले, श्रीपतीला खांद्यावर घेतलं, कारखान्याच्या जीपमध्ये घातलं. उस्मानाबादच्या दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही. येडशीच्या पुढं, सरुबाईच्या मांडीवर गेला.

मी पोचलो तेव्हा घरात कुणी नव्हतं. तुळईचा तुकडा उचलला तर हाताला वजनच लागलं नाही. वर पातळ साल आणि आत नुसती माती. झडप मात्र ढिगाऱ्यात अख्खी पडली होती, पांढरीशुभ्र, एका बाजूला अजून दोन फळ्या तिला रंगानं चिकटलेल्या. मी तिथंच बसून रडलो. कुणी बघतंय का याचा विचार त्या दिवशी आला नाही.

चौथ्या दिवशी नानासाहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं, पाणी दिलं, आणि अगदी समजुतीच्या सुरात बोलले. फॉर्म अजून माझ्याच पिशवीत होता, सोसायटीच्या कमिटीकडे गेला नव्हता. ‘ठीक’ खोडून ‘रंगाने बंद, घरधन्याने उघडू दिली नाही’ असं करता येईल. मग चूक घरधन्याची होते. सोसायटी सुटते, माझी नोकरी राहते. त्या घराचं सभासदत्व रद्द होईल, पण बाई एकटी पोरगी घेऊन इथं राहून काय करणार, माहेरी जाईल, असं ते म्हणाले. शेवटी म्हणाले, तुमच्या पदरात दोन लेकरं आहेत, विचार करा.

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, मी घरी येऊन फॉर्म समोर घेतला आणि पेन काढायला पिशवीत हात घातला. हाताला आधी पट्टी लागली. ती मी बराच वेळ धरून बसलो. ठशावर अंगठा फिरत होता. मग कोरा कागद घेऊन लिहिलं: सात नंबरची झडप मी उघडली नाही. घरधनी उघडा म्हणत होते. तुळई न पाहता मी ‘ठीक’ लिहिले. खाली सही केली आणि कागद कमिटीकडे दिला.

सरुबाईचं सभासदत्व राहिलं. तिला चौथ्या ओळीतलं रिकामं झालेलं एकतीस नंबर मिळालं. मला जूनअखेर घरी जायला सांगितलं, आणि तोवर बाकीच्या सगळ्या घरांच्या झडपा पुन्हा उघडून बघायला लावल्या. मी एकेक करून बघितल्या. लोक आता रंगाबद्दल चकार शब्द काढत नव्हते. द्वारकाबाईनं तर स्वतः स्टूल धरलं. त्या सगळ्या घरांत एकही तुळई खराब निघाली नाही. निघणार कशी? एप्रिलमध्ये मी ती सगळी घरं नीट बघितली होती. फक्त एकच घर सोडलं होतं.

एकतीस नंबर मी शेवटासाठी ठेवलं. जायची हिंमत होत नव्हती, आणि दुसरीकडे मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात अशीही आशा होती की मी नोकरी घालवून खरं लिहून दिलंय, हे तिच्या कानावर गेलं असेल. ती काहीतरी बोलेल. माणूस सुधारत नाही.

दुपारची वेळ होती. सरुबाईनं दार उघडलं. मूर्ती आतल्या खोलीत नव्या भिंतीशी मांडली होती. इथल्या तक्तपोशीला आधीच्या माणसानं एप्रिलच्या तपासणीनंतर पुन्हा हिरवा ऑइलपेंट फासला होता आणि झडप त्यात बुडून गेली होती. सरुबाईनं स्टूल आधीच मांडून ठेवलं होतं. बसा म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो, की वहिनी, मी कमिटीला खरं ते लिहून दिलं.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “लेकीनं वाचून दावलं.”

 तिनं आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणीही नव्हतं.

“द्वारकाबाई त्या दिशी किती वरडत व्हती. आमच्या घरात ऐकू येत व्हतं. तरी तुमी त्यांची झडप कापली. आमचा माणूस स्टूल मांडून कापा म्हणत व्हता, आन् आमची न्हाय कापली. असं कसं केलं साहेब?”

मी म्हणालो की तुमचा मान राखावा असं वाटलं. बोलताना माझा मलाच आवाज परका लागला.

“मानाला काय करू म्या?” ती म्हणाली. “झडप उघडायची व्हती.”

 मी स्टुलावर चढलो. पिशवीतून पट्टी काढली. तिनं ती ओळखली, हे मला वरूनही कळलं, कारण तिनं तारामतीच्या खांद्यावर हात ठेवला. मी चारी कडांनी रंग कापला. हिरवे पापुद्रे खाली पडले, काही मूर्तीवर पडले. ते कुणी झटकले नाहीत. धक्का देऊन झडप वर सारली, डोकं आत घातलं, तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकली. सगळीकडं टणक आवाज आला. चांगली आहे, असं मी वरूनच सांगितलं आणि खिशातून पेन काढलं.

“उतरा,” सरुबाई म्हणाली.

मी उतरलो. तिनं पदर खोचला आणि माझ्या हातातली पट्टी घेऊन ती स्वतः स्टुलावर चढली. तारामतीनं स्टूल घट्ट धरलं. सरुबाईनं झडपेतून हात वर घातला आणि पट्टीच्या मुठीनं तुळई ठोकायला लागली. एका जागी ठोकायची, कान देऊन ऐकायची, मग हात पुढं सरकवायची. मी ठोकली होती त्याहून कितीतरी वेळ ती ठोकत होती. आम्ही दोघं मान वर करून खाली उभे होतो.

बऱ्याच वेळानं ती खाली आली. हातावरची धूळ पदराला पुसली. पट्टी तिनं मला परत दिली नाही, तारामतीच्या हातात दिली.

“आता लिवा,” ती म्हणाली.

मी ‘ठीक’ लिहिलं. तिनं फॉर्म माझ्याकडून घेतला, तारामतीकडून वाचून घेतला, आणि मगच त्याच्याखाली अंगठा उमटवला.